नऊ नंबरची झडप

आईने आत्याशी बोलणं टाकलं ते एका मंगळवारी सकाळी. कारण होतं जुन्या रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स.

घरात आम्ही तिघीच. आई, आत्या आणि मी. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. हाताने तारा जोडून फोन लावून देण्याचे दिवस जाऊन जमाना झाला, पण गावात तिला अजून 'नंबरप्लीज' म्हणतात. ज्यांनी तसला फोन पाहिलेला नाही, तेही म्हणतात. मी कवळ्या बनवते. तीन दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि पुढच्या खोलीत माझं काम चालतं. त्यामुळे घरात कोण कोणाशी काय बोललं, ते मला भिंतीआडून कळतं. कोण कोणाशी बोललं नाही, तेही.

आता ती घटना. अडतीस वर्षांपूर्वी, दुपारी चार ते पाचच्या दरम्यान, गावाच्या उत्तरेकडच्या टेकडीमागे आकाशातून काहीतरी पडलं, असं म्हणतात. टेकडीच्या अलीकडे दगडाची खाण होती. त्याच सुमारास खाणीत सुरुंग उडाला आणि एक माणूस गेला. खाणीतला सुरुंगवाला, माझे वडील. मी चार वर्षांची होते. पाचच्या आत छावणीतून लष्कराचे ट्रक आले आणि टेकडीचा रस्ता अकरा दिवस बंद राहिला. उघडला तेव्हा टेकडीमागे चाकांच्या खुणांशिवाय काही नव्हतं.

चौकशी झाली. अहवाल दीड पानांचा. आकाशातून काही पडलं नाही. सुरुंगवाल्याने वेळेआधी सुरुंग पेटवला आणि लोकांना जो उजेड दिसला, तो त्याच स्फोटाचा.

गावाला हे पटलं नाही. न पटलेल्यांचे पुढे पक्ष पडले. एका पक्षाच्या मते ती परग्रहावरची तबकडी. दुसऱ्याच्या मते कुठल्याशा देशाचं हेरगिरीचं विमान. तिसऱ्याच्या मते उपग्रहाचा तुकडा. चौथा पक्ष म्हणतो, पडलं काहीच नाही, आणि काही पडलं नाही हे लपवायलाच ट्रक आले. हा चौथा पक्ष मला कधी समजला नाही, पण त्याचेच लोक सर्वांत आवेशाने बोलतात. निम्म्या घरांत त्या तबकडीचा तुकडा आहे. फ्रीजवाला म्हणतो, सगळे तुकडे जमवले तर तीन तबकड्या होतील आणि वर एक कुकर.

फ्रीजवाला म्हणजे फ्रीज दुरुस्त करणारा, आणि तबकडीवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. दरवर्षी त्या तारखेला हे लोक घडीच्या खुर्च्या घेऊन टेकडीवर जमतात, भांडतात आणि परत येतात.

आई त्यांच्यात कधी गेली नाही, पण त्यांच्यापैकी कोणी दारात आलं की चहा मिळायचा. कारण जगात चूक वडिलांची नव्हती असं म्हणणारे तेवढेच होते. आई स्वतः तेव्हा खाणीच्या कचेरीत मजुरांची हजेरी लिहायची. चौकशीत ती एकच वाक्य सांगत राहिली. आधी उजेड, मग सुरुंग. तीन शिट्ट्या मारून, खड्ड्याला स्वतः फेरी घालून, शंभर आकडे मोजल्याशिवाय वडील वात पेटवत नसत. त्या दिवशी शिट्टी वाजलीच नव्हती. पण ती पडली बायको. बायको असं म्हणणारच, हे अहवालात लिहिलं नाही, धरलं मात्र तसंच.

साक्ष धरली ती आत्याची. ती सरकारी नोकर. तिची साक्ष एका ओळीची: मी बोर्डावर होते, काही पाहिलं नाही, फक्त सुरुंगाचा आवाज ऐकला.

तर त्या मंगळवारी फ्रीजवाला आला. एक्स्चेंजची जुनी इमारत रिकामी करताना विकलेलं एक कपाट त्याने विकत घेतलं होतं, आणि खणात रजिस्टर निघालं होतं. त्याच दिवसाच्या पानाची झेरॉक्स त्याने आईपुढे ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. '१६.१०. छावणी. १ मिनिट. ठीक.'

"वस्तू पडली चार वीसला," तो म्हणाला. "शाळा सुटल्याची घंटा झाली आणि पडली. याला साठ साक्षीदार आहेत. मग दहा मिनिटं आधी छावणीला फोन कशाला? कोणाला तरी आधीच ठाऊक होतं, वहिनी. यंदा पुढच्या रविवारी, त्या तारखेला, आपण टेकडीवर फलक लावतोय. ही ओळ त्यावर जाणार. अनावरण तुमच्या हातून."

आईने चष्मा लावून पान पाहिलं. तेवढ्यात आत्या भाजीची पिशवी घेऊन आत आली.

"वन्सं, हे अक्षर तुमचं?"

आत्याने वाकून पाहिलं. "माझंच."

"चार दहाला तुम्ही बोर्डावर होतात?"

पिशवी आत्याने या हातातून त्या हातात घेतली. "होते की. साक्षीत सांगितलंय."

आईने कागदाची चार घड्या केल्या, चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी मिटली. त्यानंतर सगळं माझ्यामार्फत सुरू झालं.

"तुझ्या आत्याला सांग, दूध उतू जातंय." आत्या दुधापाशीच उभी असायची.

"तुझ्या आईला सांग, मी आंधळी नाही."

असे अकरा दिवस गेले. अडतीस वर्षं एका खोलीत शेजारी खाटा टाकून झोपलेल्या बायका. आईने आपली खाट उचलून पुढच्या खोलीत, माझ्या साच्यांमध्ये आणली. मी विचारलं, "फ्रीजवाल्याच्या बोलण्यावर कधीपासून विश्वास ठेवायला लागलीस? आत्याला तबकडीचं आधी कळलं होतं, असं वाटतं तुला?"

"तबकडी गेली खड्ड्यात," आई म्हणाली. "ती जागेवर नव्हती, असं धरून मी जगले. आता कळतंय, होती."

म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. मला एवढंच दिसत होतं की रविवारी फलक लागला, की आमच्या घराच्या मधोमध भिंत उभी राहणार आणि ती पाडायला कोणी येणार नाही.

शुक्रवारी मी फ्रीजवाल्याच्या दुकानात गेले. रजिस्टर त्याने एका बंद पडलेल्या फ्रीजमध्ये कुलूप लावून ठेवलं होतं. हात धुवायला लावले आणि मग दिलं. मी मागची पानं उलटली. आदल्या दिवशी, '१६.१०. छावणी. १ मिनिट. ठीक.' त्याच्या आदल्या दिवशी तेच. रविवारीही तेच.

"हे तर रोजच आहे," मी म्हटलं.

"बघा!" तो आनंदाने म्हणाला. "सात महिने आधीपासून रोज! केवढं कारस्थान असेल, विचार करा."

मी पुन्हा पानं पाहिली. कवळ्या करणाऱ्या माणसाला शेजारच्या दोन दातांच्या रंगातला फरक दिसावा लागतो, नाहीतर धंदा बसतो. छावणीचे फोन दिवसातून तीनदा होते, आठला, साडेबाराला आणि चार दहाला. प्रत्येक पानावर या तीन ओळींची शाई एक होती, अक्षराचा कल एक होता. मधल्या नोंदी मात्र कधी घाईच्या, कधी दुसऱ्या पेनाच्या. तीन ओळी आधी लिहून ठेवल्या असाव्यात आणि बाकीचा दिवस त्यांच्या मधल्या जागेत भरला असावा, असं दिसत होतं. आणि त्या दिवशीच्या पानावर, ती एक ओळ सोडली, तर तीन बावन्नपासून चार चौतीसपर्यंत काहीच नव्हतं.

घरी आले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत होती. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"चार दहाची ओळ तू सकाळीच लिहून ठेवली होतीस," मी म्हटलं.

आत्याने एक शेंग सोलली. मग दुसरी.

"आम्ही चौघी ऑपरेटर तसंच करायचो," ती म्हणाली. "छावणीच्या लाइनची ती चाचणी. 'ऐकू येतंय का?' 'येतंय.' झालं. तेवढ्यासाठी तीनदा रजिस्टर कोण उघडतंय? सकाळी बसल्याबसल्या तिन्ही ओळी भरून मोकळं व्हायचं. तपासायला येणारा साहेब अक्षर बघायचा. म्हणायचा, छान आहे."

"मग तो फोन त्या दिवशी—"

"झालाच नाही. मी गच्चीवर होते."

"कशाला?"

"केस वाळवायला." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "दुपारी चारला बोर्डावर माशा बसायच्या. साठ फोन सगळ्या गावात. म्हटलं पाच मिनिटं उन्हात बसू. अर्धा तास झाला. शाळेची घंटा झाली आणि ते दिसलं."

मी खाली बसले. गावातले चारही पक्ष अडतीस वर्षं साक्षीदार शोधत होते, आणि साक्षीदार आमच्याकडे मटार सोलत होता.

"काय दिसलं?"

"तेच तर सांगता येत नाही. पांढरं. ताटाएवढं. आवाज नाही. आधी खाली येत होतं, मग थोडं वर गेल्यासारखं झालं, मग टेकडीमागे. सगळा उजेड. विमान नव्हतं. काय होतं म्हणशील तर मला माहीत नाही. मी किती वेळ उभी राहिले, तेही माहीत नाही. मग शिडीवरून खाली धावले, तर नऊ नंबरची झडप पडलेली."

बोर्डावर प्रत्येक फोनसाठी एक छोटी पितळी झडप असायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिकडे कोणी हँडल फिरवलं की इकडे त्याच्या नंबराची झडप पडायची आणि ऑपरेटरने तार घालेपर्यंत तशीच राहायची. नऊ नंबर खाणीचा.

"तार घातली. 'नंबर प्लीज' म्हटलं. पलीकडे कोणी नाही. नुसता वारा. आणि तेवढ्यात सुरुंग उडाला. कानातही उडाला आणि खिडकीबाहेरही."

"म्हणजे आधी उजेड."

"आधी उजेड. पाच मिनिटं तरी आधी."

"आत्या, हे तू चौकशीत सांगितलं असतंस तर बाबांवर—"

"माहितीय मला!" मटाराचं ताट हिंदकळलं. "बोर्ड सोडून गच्चीवर होते म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी. दादा गेलेला. खाण बंद, म्हणजे वहिनींची हजेरी बंद. तू चार वर्षांची. सगळं कळत होतं मला. तो नऊ नंबर दादाचा होता, हेही कळत होतं. मदत मागत होता. मी केस वाळवत होते."

रोज तिसऱ्या प्रहरी आत्या घराची मागची खिडकी लावून घेते. ऊन डोळ्यांवर येतं, असं सांगते. त्या खिडकीतून टेकडी दिसते. हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"आईला सांग," मी म्हटलं.

"तू सांग. एरवी सगळं तूच सांगतेस."

"हे नाही सांगणार."

ती उठली. मांडीवरची सालं खाली पडली, ती तिने उचलली नाहीत. अंगणात गेली. मी दारात थांबले.

"वहिनी," आत्या म्हणाली, "चार दहाला मी बोर्डावर नव्हते. ती ओळ खोटी आहे. मी वर गच्चीवर होते. दादाचा फोन आला आणि मी घेतला नाही."

आईच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता. तो तिने काढला आणि दोरीला लावला.

"त्यांचा नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"फोन त्यांचा नव्हता. माझा होता."

आईने बादलीतून कपडा उचलला.

"उजेड झाला आणि माणसं वाट फुटेल तिकडे पळत सुटली, थेट खड्ड्यातून. भोकांत दारू भरलेली, एखादी पेटती बिडी पडली तरी उडेल अशी. हे ओरडले, फोन कर, कोणालाही बोलाव, आणि स्वतः खाली उतरले, सुरुंगाच्या वाती उपटायला. मी हँडल फिरवलं, किती वेळा फिरवलं. कोणी घेईना. रिसीव्हर टाकला आणि धावले." आईने हातातला कपडा झटकला. "नंतर वाटलं, वन्सं आत गेल्या असतील. पोट बिघडलं असेल. माणूसच आहे. तेवढं मी धरून चालले. तुमच्या पगारावर घर उभं राहिलं, मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की बाई जागेवर नव्हती? आणि आता तो माणूस कागद घेऊन येतो. त्यावर तुमचं अक्षर. चार दहाला जागेवर. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही हो म्हणालात. चार दहाला होतात, तर चार वीसला कुठे जाणार? म्हणजे माझी झडप तुमच्या डोळ्यांसमोर पडली आणि तुम्ही घेतली नाहीत."

"नव्हते हो मी."

"ते कळलं आता." आई वाकली, बादलीतून काहीतरी घेतलं, आणि तशीच थांबली. मग सरळ झाली. "थांबा. त्या गच्चीवरून टेकडी दिसते."

"दिसते."

"म्हणजे तुम्ही पाहिलंत."

आत्याने मान हलवली.

"अडतीस वर्षं," आई म्हणाली, अगदी हळू. "मला वाटायचं, आधी उजेड हे मी मनाने धरलं असेल. नवऱ्यासाठी. कधीकधी रात्री वाटायचं, चौकशीवालेच खरे. आणि तुम्ही शेजारच्या खाटेवर होतात."

ओला कपडा बादलीत टाकून ती आत गेली. तिने आवाज चढवला असता, तर बरं झालं असतं.

शनिवारी निरोपही बंद झाले. दूध दोनदा उतू गेलं.

रविवारी दुपारी टेकडीवर चाळीसेक माणसं होती. घडीच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर पुरावा म्हणून रजिस्टर, आणि फलकावर फ्रीजवाल्याच्या घरची चादर. आई पुढच्या खुर्चीत. आत्या तिच्यापासून चार खुर्च्या दूर. फ्रीजवाला भाषणाला उभा राहणार, तोच आत्या उठली आणि टेबलाकडे गेली.

"पेन आहे?"

"आहे, पण बाई—"

तिने पान काढलं. एक्स्चेंजचा नियम होता, नोंद चुकली तर गिरवायची नाही, खरवडायची नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, मूळ अक्षर खालून वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, खाली सही आणि दुरुस्ती केली त्या दिवसाची तारीख. आत्याने चार दहाच्या ओळीवर रेघ मारली. लिहिताना ती मोठ्याने वाचत होती, जशी पूर्वी नंबर वाचायची.

"कॉल झाला नाही. ऑपरेटर गच्चीवर, विनापरवाना. सोळा वीसच्या पुढे, नऊ नंबर. उत्तर वेळेत दिलं नाही."

"अहो, काय करताय!" फ्रीजवाला ओरडला. "अडतीस वर्षांचा पुरावा! आता खाडाखोड केलेलं रजिस्टर कोण मानणार?"

"खाडाखोड नाही. दुरुस्ती," आत्या म्हणाली.

"उजेडाचं लिहा."

हे आई म्हणाली. ती उठून टेबलापाशी आली होती. तिचा आवाज कोरडा होता, आणि ती आत्याकडे न बघता कागदाकडे बघत होती. पण मला निरोप द्यायला सांगितलं नव्हतं.

"आधी उजेड," आत्या वाचत लिहू लागली, "मग सुरुंग. मध्ये—"

"पाच मिनिटं."

"मध्ये अंदाजे पाच मिनिटं. शिट्टी वाजली नाही. ऑपरेटरने स्वतः पाहिलं." तिने सही केली, तारीख घातली. आईने पेन तिच्या हातातून घेतलं आणि खाली आपली सही केली. नाव पूर्ण लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.

मागून कोणीतरी चौथ्या पक्षाचं म्हणालं, "दबाव आलाय. स्पष्ट दिसतंय." दुसरा म्हणाला, "बाईंनी पाहिलं म्हणतात! काय पाहिलं? तबकडी होती की विमान?" एकदम दहा जण बोलू लागले. फ्रीजवाल्याने चादर ओढली. फलकावर चार दहाची ओळ होतीच, मोठ्या अक्षरात. आई त्याच्याकडे नुसती बघत राहिली. अखेर त्याने कुठूनतरी पांढरा रंग आणला आणि ओळ पुसून टाकली. खाली उरलेल्या जागेत आईने सांगितलेलं वाक्य लिहिलं, सुरुंगवाल्याची चूक नव्हती. ते वाकडं आलं, पण वाचता येतं.

गुरुवारपर्यंत गावात नवा सिद्धांत तयार होता. फलकावर एक पांढरा पट्टा आहे, त्याखाली काय लपवलंय? पट्टा ओला असताना तिथे उभे असलेले लोकही हे विचारतात.

मला मात्र वेगळंच कोडं पडलं आहे. टेकडीवरून उतरताना मी आत्याला विचारलं, "मग छावणीला कळवलं कोणी?"

"मी नाही."

"दुसरी लाइन?"

"नव्हती. छावणीची एकच तार, ती माझ्या बोर्डावरून. चार चौतीसला मी पहिला फोन लावला तो दवाखान्यात."

"छावणी तासाभराच्या अंतरावर. ट्रक पाचच्या आत आले."

"चार पन्नासला," आई पुढून म्हणाली. "मी खड्ड्याच्या काठावर होते. घड्याळ पाहिलं होतं."

तिघी थोड्या थांबलो. मग पुन्हा चालू लागलो. आई चार पावलं पुढे, आत्या मागे, मधे मी. उतार संपला. शाळेच्या कुंपणापाशी आई थांबली, पण वळली नाही.

"तांबडं होतं," ती म्हणाली. "लांबट. आणि कापड फाडल्यासारखा आवाज."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी निरोप पोचवायचा का, असं तिच्या मनात आलं असावं. मी चपलेतला खडा काढायला वाकले.

"पांढरं, वहिनी," आत्या शेवटी म्हणाली. "गोल. आवाज नव्हता."

"तांबडं. मी खाली होते, जवळ."

"मी वर होते. मोकळं दिसत होतं."

"केस आले असतील डोळ्यांवर," आई म्हणाली आणि चालू लागली. पण आता ती सावकाश चालत होती, आणि आत्याला तिच्या बरोबरीला यायला शाळेचं फाटक यायच्या आधीच जमलं.